बावन्नातून सत्तावीस : हातच्याची वजाबाकी समजून घेताना

नमस्कार. ५२ मधून २७ वजा करण्याचे एक उदाहरण मी फळ्यावर लिहिले आहे आणि त्याच्या शेजारी, दुसरीत शिकणाऱ्या एका मुलीने काढलेले उत्तरही लिहिले आहे : ३५. हे उत्तर चुकले आहे हे आपल्या लगेच लक्षात येते. परंतु ते आले कसे, याचा विचार केल्याशिवाय आपण पुढे जाऊ नये अशी माझी विनंती आहे. तिने एककाच्या घरात २ आणि ७ हे अंक पाहिले. बिनहातच्याच्या वजाबाकीत प्रत्येक घरातल्या मोठ्या अंकातून लहान अंक काढण्याचा सराव तिने कितीतरी दिवस केला होता, म्हणून तिने ७ मधून २ काढून ५ लिहिले, नंतर दशकाच्या घरात ५ मधून २ काढून ३ लिहिले, आणि वही समाधानाने माझ्याकडे दिली. हा निष्काळजीपणा नाही. तिने एक नियम नीट पाळला आहे, फक्त तो नियम येथे चालत नाही.

जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकी संशोधकांनी १९७८ साली मुलांच्या वजाबाकीतील चुकांवर एक महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. मुलांच्या पुष्कळशा चुका वाटेल तशा झालेल्या नसतात. मूल एखादा चुकीचा नियम मनाशी धरते आणि प्रत्येक उदाहरणात तोच प्रामाणिकपणे वापरते, असे त्यांनी दाखवून दिले. मोठ्यातून लहान काढण्याची ही सवय अशा नियमांपैकीच एक आहे. म्हणून लाल फुली मारण्याआधी ‘हे तू कसे केलेस, मला सांग’ असे विचारावे. मूल जे सांगते त्यातून नेमके काय शिकवायचे ते कळते.

[पडद्यावर : टेबल, काड्यांच्या मोळ्या, मुलीचे हात]

येथे आइस्क्रीमच्या काड्या आहेत. दहा-दहा काड्यांना रबर लावून मोळ्या केल्या आहेत. पाच मोळ्या आणि दोन सुट्या काड्या मिळून ५२ झाल्या. एक गोष्ट मी मुद्दाम टाळली आहे, ती म्हणजे २७ काड्या वेगळ्या मांडणे. ज्यातून काढायचे तेवढीच संख्या टेबलावर असली पाहिजे. दोन्ही संख्या मांडल्या की मूल त्यांची तुलना करू लागते, आणि सात काड्यांमधून दोन काढण्याचा मोह पुन्हा समोर येतो.

‘यातल्या सत्तावीस मला दे,’ असे मी म्हटल्यावर तिने आधी दोन मोळ्या उचलून माझ्या हातात दिल्या. सात सुट्या काड्या द्यायच्या होत्या आणि तिच्याजवळ दोनच होत्या. ती थांबली. तिने उरलेल्या तीन मोळ्यांकडे पाहिले, त्यातली एक हातात घेतली आणि विचारले, ‘हिचं रबर काढू का?’ माझ्या मते हातच्याच्या वजाबाकीचा सगळा अर्थ या एका प्रश्नात आहे, आणि तो मुलाच्या तोंडून येईपर्यंत मोठ्या माणसाने गप्प बसणे, हेच शिकवण्यातले सर्वांत अवघड काम आहे. तिने रबर काढले. दोन मोळ्या आणि बारा सुट्या काड्या झाल्या. मी विचारले, ‘काड्या वाढल्या, की कमी झाल्या?’ तिने पहिल्यापासून सगळ्या मोजल्या आणि सांगितले, ‘बत्तीसच आहेत.’ मग तिने बारांपैकी सात मला दिल्या. टेबलावर दोन मोळ्या आणि पाच सुट्या काड्या उरल्या.

याच कारणासाठी ‘उसना घेतला’ हा शब्द मला योग्य वाटत नाही. उसने घेतलेली साखर परत करावी लागते; येथे मात्र घेतलेला दशक कोणी कधीच परत करत नाही, आणि विचार करणारे मूल ‘मग तो परत कधी द्यायचा?’ असे विचारून आपल्याला निरुत्तर करते. शिवाय ज्याच्याकडून घ्यायचे तो शेजारी म्हणजे दुसरी संख्या नसून त्याच संख्येचा एक भाग आहे. आपण बाहेरून काही आणत नाही, फक्त सुट्टे करतो : दहा रुपयांची नोट देऊन एक रुपयाची दहा नाणी घेतली, तरी खिशातली रक्कम तेवढीच राहते. ‘दशक सुटा केला’ हे शब्द त्यामुळे जास्त खरे आहेत. ‘हातचा’ हा शब्द रुळलेला आहे, तो राहू द्यावा. त्याच्यामागे मोळी सोडण्याची कृती उभी असली म्हणजे झाले.

आता हेच कागदावर लिहू. ५ हा अंक खोडून त्याच्या डोक्यावर ४, आणि २ खोडून त्याच्या डोक्यावर १२. हे लिहून झाल्याबरोबर मुलाला वरची ओळ मोठ्याने वाचायला सांगावी : ‘चार दशक आणि बारा एकक, म्हणजे चाळीस आणि बारा, म्हणजे बावन्न.’ ही सवय लावायला काही क्षण लागतात, आणि पुढच्या निम्म्याहून अधिक अडचणी तिच्यामुळे टळतात असा माझा अनुभव आहे.

मराठीत या वाचनाची गरज जरा जास्तच आहे, कारण आपण ५२ लिहिताना आधी पाच लिहितो, पण ‘बावन्न’ म्हणताना आधी दोन उच्चारतो. ‘एकोणपन्नास’ या शब्दात तर पन्नासातून एक उणा अशी वजाबाकीच दडलेली आहे, आणि ४९ लिहिताना त्यातले पन्नास कोठेच दिसत नाहीत. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असे संख्यावाचन आले तेव्हा महाराष्ट्रात मोठा वाद झाला. आपले संख्यानामांचे शब्द जपलेच पाहिजेत असे मला वाटते; परंतु वजाबाकीला हात घालण्यापूर्वी ‘पाच दशक, दोन एकक’ असे एकदा म्हणून घेण्याने त्या शब्दांचे काहीच नुकसान होत नाही.

तीन अंकी उदाहरणात नवीन असे काही नाही. ४३२ मधून १७८ काढताना एकदा दशक सुटा करायचा आणि एकदा शतक, उत्तर २५४. खरी कसोटी लागते ती मध्ये शून्य आल्यावर.

[पडद्यावर : ५०३ − २६७]

शंभराच्या पाच नोटा आहेत, दहाची एकही नाही, आणि एक रुपयाची तीन नाणी आहेत. मला सात नाणी हवी आहेत. दहाची नोट नसल्यामुळे शंभराची मोडावी लागते, तिच्या दहाच्या दहा नोटा येतात, आणि मग त्यांतली एक मोडून दहा नाणी मिळतात. आता माझ्याजवळ शंभराच्या चार, दहाच्या नऊ आणि तेरा नाणी आहेत. तेरातून सात गेली, सहा राहिली. नवातून सहा गेल्या, तीन राहिल्या. चारातून दोन गेल्या, दोन राहिल्या. उत्तर २३६.

शून्याच्या जागी नऊ कोठून आले, हे पुष्कळ मुलांना कधीच सांगितले जात नाही. ‘शून्यावर नऊ लिहायचे’ एवढेच ती पाठ करतात, आणि एखादे दिवशी नवाऐवजी दहा लिहून बसतात. तसे केले तर उत्तर २४६ येते. अशा वेळी मुलाला डोक्यावरचे अंक पुन्हा वाचायला लावावेत : चार शतक, दहा दशक, तेरा एकक, चारशे, शंभर आणि तेरा मिळून ५१३. आपण तर ५०३ घेऊन निघालो होतो, मग हे दहा रुपये आले कोठून? हा प्रश्न स्वतःला पडला की मूल आपली चूक स्वतःच शोधते, कारण शंभराच्या सुट्ट्यातली एक दहाची नोट त्याने नाण्यांसाठी दिली, पण मोजणीतून कमी केली नाही.

एकापुढे एक शून्ये असलेली उदाहरणेही नवीन नाहीत. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त, म्हणजे ११५० च्या सुमारास, आरंभीच असा प्रश्न घातला आहे : २, ५, ३२, १९३, १८, १० आणि १०० यांची बेरीज सांग, आणि ती दहा हजारांतून वजा करून दाखव. बेरीज ३६० येते, आणि १०००० मधून ३६० काढायचे म्हणजे एका दहा हजाराची मोड करत शून्यांच्या रांगेतून उजवीकडे यायचे. उत्तर ९६४०. त्याच ठिकाणी भास्कराचार्य सांगतात की हे अंक क्रमाने घ्या किंवा उलट क्रमाने, प्रत्येक अंक आपापल्या स्थानाप्रमाणे मिळवा किंवा वजा करा. आपल्या मुलीनेही आधी मोळ्या दिल्या आणि मग सुट्या काड्या, म्हणजे तिनेही डावीकडूनच सुरुवात केली होती.

याच उदाहरणाला आणखी एक वाट आहे. दोन भावंडांच्या वयांतला फरक जसा दरवर्षी तेवढाच राहतो, तसाच दोन्ही संख्यांतून एकेक कमी केला तरी फरक बदलत नाही. मग १०००० आणि ३६० यांच्याऐवजी ९९९९ आणि ३५९ घ्या. एकही हातचा लागत नाही, आणि उत्तर तेच, ९६४०.

फरक न बदलण्याच्या याच गुणावर माझ्या आजोबांची रीत उभी होती. ते म्हणत, ‘दोनातून सात जात नाहीत, बारातून सात गेले पाच, हातचा एक; दोन आणि एक तीन, पाचातून तीन गेले दोन.’ त्यांनी वरच्या एककात दहा मिळवले आणि खालच्या दशकातही दहा मिळवले, म्हणजे प्रत्यक्षात ६२ मधून ३७ वजा केले. उत्तर २५, अगदी बरोबर. शाळेत मात्र वरचा ५ खोडून ४ करायला शिकवतात, आणि घरी आजोबा खालच्या दोनाचे तीन करतात. मूल दोन्ही एकदम करते, वरच्या पाचाचे चार आणि खालच्या दोनाचे तीन, आणि उत्तर १५ लिहिते. अमेरिकेत विल्यम ब्राउनेल आणि हॅरोल्ड मोझर यांनी १९४९ साली तिसरीच्या मुलांवर या दोन्ही रीती तपासल्या, तेव्हा दशक सुटा करण्याची रीत अर्थासह शिकवली असता अधिक चांगली उतरली. मलाही सुरुवातीला तीच योग्य वाटते, कारण ती काड्यांनी दाखवता येते. वहीत १५ दिसले, तर आधी घरातल्या मोठ्यांना त्यांची रीत विचारा. आणि मुलाच्या हातात काड्या देऊन बावन्नातल्या सत्तावीस पुन्हा एकदा मागा.