दारातली माशी, पोळ्यातलं पिल्लू

(दृश्य: वेंगुर्ला तालुका. फेब्रुवारीतली सकाळ. काजूच्या कलमाखाली एक मधपेटी.)

काजू फुललाय. आंब्याचा मोहर कुठे गळतोय, कुठे कणी धरतोय. माश्यांची ही सुगी. आणि ज्याने दिवाळीनंतर पहिलीच पेटी आणली, त्याच्या पोटात गोळा यायचेही हेच दिवस.

हा पेटीवाला नवखा आहे. माशी सातेरी, आपली ढोलीत राहणारी. शिकला मात्र मोबाईलवर, आणि तिथले बहुतेक धडे युरोपीय माशीचे. त्यातल्या सल्ल्याप्रमाणे त्याने माश्यांच्या अंगावर जगणाऱ्या व्हरोआ कोळ्यासाठी औषधी पट्ट्याही मागवून ठेवल्यात. खरं तर हा कोळी सातेरीचा जुना शेजारी. सातेरीत त्याची वीण बहुतेक पोळ्यातल्या नरांच्या घरांपुरतीच असते, त्यामुळे युरोपीय माशीसारखी तिची वसाहत तो सहसा संपवत नाही. पट्ट्या अजून पाकिटातच आहेत. तिथेच बऱ्या.

(दृश्य: पेटीचं दार. फळीखाली मेलेल्या माश्या.)

काल सकाळी दारात हा खच दिसला. याने घाबरून गावातल्या जुन्या मधपाळ काकांना बोलावलं, कुठलं औषध घालू म्हणून. काकांनी एक माशी तळहातावर घेतली. सोंड बाहेर आलेली, पंख फाकलेले.

"ही आजारी नाय रे. फवारणीन मेली."

तुडतुडा मोहरातला रस शोषतो, मोहर काळा पडतो, म्हणून बागायतदार फवारतो. त्याचं पोटही त्या झाडावरच आहे. पण ऐन फुलोऱ्यात, भर दिवसा फवारलं की रस गोळा करायला गेलेल्या माश्या मरतात. काही तिथेच पडतात, काही दारापर्यंत पोचून. यावर पेटीत घालायचं औषध कुठलंच नाही.

तरी काका म्हणाले, आलोच आहोत तर आत बघू.

(दृश्य: धुराड्यात नारळाचं सोडण. पटाशीने चौकट सुटते.)

धूर दोनच फुंकर. सातेरी फार धुराने आणि रोजच्या उघडझाकीने वैतागते, आणि वैतागली की घर सोडून जाते. आठ-दहा दिवसांनी एकदा, ऊन चढायच्या आत बघावं. आधी तळपाट, म्हणजे पेटीची तळाची फळी, झाडायचा, कारण मेणाच्या भुशात मेणपतंगाच्या अळ्या वाढतात. पेटी ठेवलेल्या घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे, मुंग्यांसाठी.

आता पिलाव्याची, म्हणजे पिल्लं वाढतात ती, चौकट उन्हाकडे धरू. निरोगी पिल्लांच्या घरांवरची मेणाची झाकणं सलग, किंचित फुगीर. नराच्या झाकणावर मधोमध टाचणीएवढं भोक असतं. नवखा त्यालाच रोग समजतो. ते भोक सातेरीत असतंच.

पण इथे, खालच्या कडेला, कामकरी माशीच्या घराचं झाकण कुरतडलेलं आहे. आत पिल्लू उताणं, लांब पसरलेलं, डोकं वर उचललेलं. काका चिमट्याने उचलतात. पिल्लू फाटत नाही, पाण्याने भरलेल्या पिशवीसारखं लोंबतं. शेजारच्या घरातलं वाळून होडीसारखं झालंय.

हा थाई सॅकब्रूड. 1976 मध्ये थायलंडमध्ये सापडला, आणि 1991-92 च्या सुमारास दक्षिण भारतातल्या सातेरीच्या बहुतेक वसाहती याने संपवल्या. रोग विषाणूचा, म्हणजे अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही. उलट ते मधात उतरतं. झाकण पडायच्या आधीच वेटोळं घालून पिवळं पडलेलं, आंबूस वासाचं पिल्लू दिसलं असतं, तर तो जिवाणूचा युरोपियन फाउलब्रूड. दिसायला भाऊ, पण घराणं वेगळं.

(दृश्य: राणी पिंजऱ्यात. खराब पोळी वेगळी काढली जातात.)

काका राणीला साधारण तीन आठवड्यांसाठी पिंजऱ्यात ठेवतात. नवी अंडी नाहीत, नवी पिल्लं नाहीत, विषाणूला घर नाही. तेवढ्यात कामकरी माश्या जुनी घरं साफ करतात. मधल्या काळात त्यांनी नवी राणीघरं बांधली तर ती मोडायची. सडलेली पोळी जाळायची. पुढे निरोगी वसाहतीतली राणी मिळाली तर बदलायची, कारण काही वंश हा रोग झेलतात, काही नाही. या पेटीतलं पोळं किंवा मध दुसरीला द्यायचा नाही. पटाशी जाळावर धरायची, हात साबणाने धुवायचे.

नवखा विचारतो, "मगे मध कधी?"

काका हसतात. "यंदा पोळी बघूक शिक."

(दृश्य: तिन्हीसांज. कुंपणापलीकडून शेजारी बोलतोय.)

शेजारची आणखी एक फवारणी बाकी आहे. ती आता उद्या माश्या घरी परतल्यावर, दिवस मावळताना करायचं ठरलंय. "फक्त आधी सांगा," एवढंच याचं म्हणणं. उद्या अंधार पडल्यावर तो दाराला हवा खेळेल अशी बारीक जाळी लावणार, परवा सकाळी ऊन चढायच्या आत काढणार. गोणपाटही तेव्हाच भिजवून पेटीवर टाकणार. जाळी कापताना त्याचं एक बोट कापलंय, पण माशी अजून एकदाही चावलेली नाही.