बाळंतपणानंतरचे दोन तास

रात्रीचे दोन वाजले आहेत. बाळंतपण होऊन चाळीस मिनिटे झाली आहेत, वार पूर्ण पडली आहे, बाळ आईच्या छातीशी आहे आणि बाहेर बाकावर बसलेल्या सासूबाईंनी घरी फोनही करून झाला आहे. लेबर रूममधल्या सिस्टर मात्र बाळंतिणीच्या पोटावर हात ठेवून उभ्या आहेत. नाभीच्या जरा खाली गर्भपिशवी हाताला लागते आणि ती क्रिकेटच्या चेंडूसारखी टणक लागायला हवी. पंधरा मिनिटांपूर्वी ती तशी होती; आता बोटांखाली ती मऊ पडली आहे.

हे दृश्य कोणत्याही एका रुग्णालयाचे नाही. जिथे जिथे बाळंतपणे होतात, तिथे रात्रपाळीच्या परिचारिकेसमोर ते कधी ना कधी उभे राहते.

दिवस भरलेल्या स्त्रीच्या गर्भपिशवीकडे मिनिटाला अर्ध्या लिटरहून अधिक रक्त जात असते. वार सुटली की तिच्या जागच्या रक्तवाहिन्या उघड्या पडतात, आणि गर्भपिशवीचे स्नायू आवळून त्यांना जो पीळ देतात, त्यानेच त्या मिटतात. स्नायू सैल राहिले, तर रक्त वाहतच राहते. म्हणूनच पहिले दोन तास दर पंधरा मिनिटांनी पोटावर हात ठेवायचा असतो, नाडी मोजायची असते आणि पॅड पाहायचे असते.

सिस्टर नाडी मोजतात. मघाशी ८४ होती, आता १०८ आहे. बीपी ११०/७०, म्हणजे कागदावर अगदी व्यवस्थित. आणि फसगत होते ती इथेच. तरुण शरीर रक्तवाहिन्या आवळून बराच काळ बीपी टिकवून धरते, आणि ते घसरते तेव्हा रक्त पुष्कळ गेलेले असते. नाडीचा आकडा बीपीच्या वरच्या आकड्याला जाऊन भिडू लागला, तर ती धोक्याची खूण समजावी, असे अनुभवी सिस्टर नव्या मुलींना शिकवतात. शिवाय २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतातल्या अर्ध्याहून अधिक गर्भवतींना रक्तक्षय आहे. जिच्या अंगात मुळातच रक्त कमी, तिच्या बाबतीत ‘थोडे गेले’ हे शब्द फार जपून वापरावे लागतात.

गेलेले रक्त नुसत्या नजरेने मोजता येते का? या प्रश्नावर मोलाचे काम आपल्या शेजारी, बेळगावात झाले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासात बेळगाव जिल्ह्यातल्या १,६२० स्त्रियांचा समावेश होता. घरी आणि उपकेंद्रात बाळंतपणे करणाऱ्या सहायक परिचारिका-प्रसाविकांनी गर्भपिशवी आवळायला लावणाऱ्या मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, तेव्हा रक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. बाळंतिणीच्या खाली लावायची, खुणा केलेली प्लास्टिकची झोळी त्याच कामातली आहे. तिच्यात रक्त साठते आणि थेट आकडा वाचता येतो. नजरेचा अंदाज आणि झोळीतला आकडा पडताळून पाहिले, तेव्हा अंदाज सुमारे एक तृतीयांश कमी भरला. यात कुणाचा हलगर्जीपणा नाही. चादरीत मुरलेले आणि गाठी होऊन पडलेले रक्त माणसाच्या डोळ्याला कमीच दिसते.

पुढे केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांत मोठा अभ्यास झाला आणि २०२३ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. नेहमीच्या पद्धतीत जेमतेम निम्मे रक्तस्राव वेळेत ओळखले जात होते; झोळी वापरून आणि सगळे उपचार एकदमच सुरू केल्यावर ९३ टक्के ओळखले गेले. मला यात दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. पूर्वी एक उपाय करून पाहायचा, थांबायचे, मग दुसरा, असे चाले, आणि त्या थांबण्यातच वेळ जात असे.

आपल्या लेबर रूममध्ये झोळीत ३५० मिलिलिटर दिसते आहे. अतिरक्तस्राव मानण्याचा रूढ, पाचशेचा आकडा अजून दूर आहे. डॉक्टर दिवसभराच्या ड्युटीनंतर नुकत्याच झोपल्या आहेत. उगाच उठवले तर बोलणी बसतील, ही धास्ती प्रत्येक नव्या परिचारिकेच्या मनात असते, आणि ज्या विभागात ती धास्ती कमी, तिथली बाळंतीण अधिक सुरक्षित असते, असे माझे ठाम मत आहे.

सिस्टर आकड्याची वाट पाहत नाहीत. त्या एका हाताने गर्भपिशवी चोळू लागतात आणि सोबतच्या नर्सला ऑक्सिटोसिन, म्हणजे गर्भपिशवी आवळणारे औषध, व सलाईन लावायला सांगतात. भरलेले मूत्राशय गर्भपिशवीला आवळू देत नाही, म्हणून लघवी काढली जाते. पिशवी टणक होऊनही रक्त वाहत राहिले असते, तर त्यांनी आत कुठे फाटले आहे का ते पाहिले असते.

“ताई, जरा दुखेल, पण हात काढणार नाही मी,” त्या बाळंतिणीला सांगतात.

फोनवरचे बोलणे अर्ध्या मिनिटाचे आहे. “मॅडम, पिशवी सैल आहे, नाडी ८४ वरून १०८, झोळीत साडेतीनशे, ऑक्सिटोसिन सुरू केलंय, ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड भरून ठेवतेय. तुम्ही या.” ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड म्हणजे रक्तस्राव रोखायला मदत करणारे इंजेक्शन.

अडीच वाजता गर्भपिशवी पुन्हा टणक लागते. नाडी ९६ आहे. सिस्टर केसपेपरवर वेळ लिहितात, बाळाच्या अंगावरचे दुपटे सारखे करतात आणि पावणेतीनला पुन्हा पोटावर हात ठेवतात.