रेझिस्टर पुन्हा पुन्हा का जळतो?

मित्रहो, पिकअपचा हीटर चालत नाही अशी तक्रार आली की मी आधी एकच विचारतो: हवाच येत नाही, की येते पण गार येते? गार येत असेल तर तो कूलंटचा, थर्मोस्टॅटचा नाहीतर हीटर कोअरचा प्रश्न. त्यात आज शिरत नाही. हवाच येत नसेल तर ब्लोअर, म्हणजे हवा फेकणारा पंखा, बघायचा. आणि याला कुणी चैनीची गोष्ट समजू नका. समोरच्या काचेवर आतून साचलेली वाफ हाच पंखा घालवतो. तो बंद पडला तर थंडीत किंवा पावसात रस्ताच दिसत नाही.

खोलायच्या आधी नॉब फिरवून बघा. पहिले तीन स्पीड गेलेत आणि फक्त शेवटचा, सगळ्यात जोराचा चालतो, असं असेल तर मोटार जिवंत आहे. साध्या नॉबच्या गाड्यांमध्ये कमी स्पीडसाठी करंट रेझिस्टरमधून, म्हणजे करंट अडवणाऱ्या तारेच्या वेटोळ्यांतून, जातो. जितकी जास्त वेटोळी वाटेत येतील तितका पंखा हळू. शेवटच्या स्पीडला मात्र रेझिस्टर वगळून करंट थेट मोटारीला मिळतो. म्हणून रेझिस्टर जळाला तरी तेवढा एक स्पीड शिल्लक राहतो. ऑटोमॅटिक एसीच्या गाड्यांत रेझिस्टरच्या जागी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं, तिथे ही खूण लागू पडत नाही.

बहुतेक जण इथवर येतात, नवा रेझिस्टर बसवतात आणि काम झालं म्हणतात. माझ्याकडे एक पिकअप आली होती, तिचा रेझिस्टर तीनदा बदलून झाला होता. प्रत्येक वेळी थोडे दिवस चालायचा आणि पुन्हा जायचा. मालक म्हणाला, माल खराब येतोय. मी ग्लोव्ह बॉक्स उतरवला, हात आत घातला, तर रेझिस्टरचा कपलर, म्हणजे तारा जोडणारा प्लग, निघेना. पांढरं प्लॅस्टिक एका पिनभोवती तपकिरी होऊन वितळलं होतं आणि रेझिस्टरला चिकटून बसलं होतं.

हे का होतं ते नीट समजून घ्या. जोरात चालणारी ब्लोअर मोटार सहज २० अँपिअर ओढू शकते. पिन सैल झाली, गंजली, आणि तिथे फक्त ०.१ ओहम अडथळा तयार झाला, तर २ व्होल्ट तिथेच खर्ची पडतात आणि ४० वॉट उष्णता निघते. एखाद्या सोल्डरिंग आयर्नएवढी उष्णता, प्लॅस्टिकच्या एवढ्याशा तुकड्यात!

आता दुसरी बाजू. रेझिस्टर हवेच्या वाटेतच बसवलेला असतो, कारण त्याला गार ठेवायचं काम पंख्याच्याच हवेचं. केबिन फिल्टर तुंबला की हवा कमी होते आणि रेझिस्टर तापतो. मोटारीचे बुश, म्हणजे दांडा ज्यात फिरतो त्या कड्या, सुकले, ती जड फिरू लागली, की ती करंट जास्त ओढते आणि हवा कमी देते. म्हणजे रेझिस्टर दोन्हीकडून मारला जातो. पंखा हाताने फिरवून बघा. सोडल्यावर तो थोडा वेळ सहज फिरत राहिला पाहिजे. करकरला, अडला, तर मोटार बदलल्याशिवाय नवा रेझिस्टर लावू नका.

एकही स्पीड चालत नसेल तर क्रम सोपा आहे: फ्यूज, रिले, मग मोटारीचा कपलर. मीटर मोटारीच्या दोन पिनांमध्ये लावा, पिन आणि बॉडी यांच्यात नको. काही गाड्यांत स्पीड अर्थिंगच्या (निगेटिव्ह) बाजूने बदलतात, तिथे बॉडीशी मोजलं तर दोन्ही पिनांवर १२ व्होल्ट दिसतात आणि माणूस चकतो. कपलर काढून मोजू नका, जोडलेला ठेवून मागच्या बाजूने मोजा. तारेतला एकच धागा शाबूत असला तरी कपलर काढून मोजताना मीटर १२ दाखवेल, पण मोटारीचा भार आला की तोच आकडा खाली कोसळतो. पूर्ण व्होल्टेज पोचतंय आणि मोटार ढिम्म, तर मोटार गेली. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकल्यावर ती सुरू झाली तर मोटारीतले कार्बन ब्रश झिजलेत. तेवढ्यावर गाडी घरी न्या, पण ती दुरुस्ती नव्हे.

फ्यूज पुन्हा उडतोय म्हणून ३० अँपिअरच्या जागी ४० चा लावणाऱ्यांना मी हात जोडतो. फ्यूज तारेला वाचवायला असतो. तो मोठा केला की वितळायची पाळी तारेची, आणि ती तार डॅशबोर्डच्या आत असते.

त्या पिकअपचा पंखा बाहेर काढला तेव्हा पात्यांत सुकी पानं अडकली होती आणि बुश कोरडे ठाक होते. मोटार बदलली, फिल्टर बदलला, नवा कपलर तारांना सोल्डर करून लावला, आणि मग चौथा रेझिस्टर बसवला. जुना कपलर मी आज सोबत आणलाय. हातोहात फिरवा, आणि कडेची ती पिन जवळून बघा.