मज्जा रिकामी होते तेव्हा

श्रोतेहो, नमस्कार. चेहरा फिकट दिसला की आपण लोहाच्या गोळ्या सुरू करतो. पण ॲप्लास्टिक ॲनिमियात लोहाची कमतरता नसते, रक्त तयार करणारी अस्थिमज्जाच काम थांबवते. पेशींच्या जागी तिथे चरबी भरते. मग तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट, तिन्ही घटतात. तिन्ही, हे ध्यानात असू द्या. जिना चढताना धाप, वरचेवर ताप, हिरड्यांतून रक्त, पायांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके. हा कॅन्सर नव्हे.

आता मला फार आवडणारी हकीकत. 1970 च्या सुमारास पॅरिसमध्ये डॉक्टर जॉर्ज माथे अशा रुग्णांना दुसऱ्याची मज्जा देऊन पाहत होते. परकी मज्जा शरीर झिडकारतं, म्हणून आधी प्रतिकारशक्ती दाबणारा सीरम टोचायचे. तो लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींवर चालायचा. मग मज्जा द्यायची आणि वाट पाहायची. काही रुग्णांत दिलेली मज्जा रुजलीच नाही. प्रयोग फसला म्हणायचा! पण रक्ततपासणीत पेशी वाढताना दिसू लागल्या. कुणाच्या? रुग्णाच्या स्वतःच्या! पाहुणी टिकली नाही, पण आजारी घरधनीण उठून कामाला लागली. म्हणजे गुण आला तो सीरमचा. तिथून सुगावा लागला, की बहुतेकदा आपलीच प्रतिकारशक्ती मज्जेच्या मूळ पेशींवर उठलेली असते. आपलीच, बाहेरचं कुणी नाही.

आजचे उपचार त्याच वाटेने आले. घोड्यापासून बनवलेलं एटीजी, म्हणजे त्या सीरमसारखंच लिम्फोसाइटवर चालणारं औषध, जोडीला प्रतिकारशक्ती दाबणारं सायक्लोस्पोरिन, अलीकडे मज्जेला पेशी बनवायला चालना देणारं एल्ट्रोम्बोपॅग. गुण यायला तीन ते सहा महिने लागतात. रुग्ण तरुण असेल आणि सख्ख्या भावंडाची मज्जा जुळली तर प्रत्यारोपण आधी. एकेक भावंड जुळण्याची शक्यता 25 टक्के.

जाता जाता सांगतो, रिपोर्ट हातात देऊन 'पुढच्या आठवड्यात या' म्हणणं मला अजिबात पटत नाही. दोन मिनिटं बसून समजावलं, तर माणूस रात्री झोपू तरी शकतो.

आणि हो, प्रत्यारोपण ठरण्याची शक्यता असेल तर नातेवाइकांनी रुग्णाला रक्त देऊ नये, रक्तपेढीचंच घ्यावं. नातलगांचं नको. पांढऱ्या पेशी कमी असताना ताप 100.4 च्या वर गेला, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा, मध्यरात्र असली तरी.