बोजारा, खर्रा आणि तिसरा दिवस

नमस्कार श्रोतेहो.

पोळा आठ दिवसांवर आला आहे. झुली धुऊन उन्हात पडल्या असतील, मठाट्या आणि बेगड बाजारातून आले असतील. आणि पोळ्याच्या मागोमाग, दुसऱ्या दिवशी, आमच्या भागात कर असते. ती कशी जाते ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. पोळा फुटला की गडी बैलजोडी घेऊन घरोघर जातो. घरची बाई बैलांचे पाय धुते, ओवाळते, पुरणपोळी भरवते, आणि गड्याच्या हातावर बोजारा, म्हणजे ओवाळणीचे पैसे, ठेवते. तो बोजारा दारूत न जाता दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकला तर नशीब.

मी आरोग्यसेविका म्हणून ३१ वर्षं नोकरी केली, सगळी पूर्व विदर्भातल्या खेड्यांत. करीच्या रात्री मी उपकेंद्रात कधी झोपले नाही. कुणाचं डोकं फुटलेलं, कुणी नालीत पडलेला. आणि मागल्या दारानं येणाऱ्या बाया. "का झालं गं?" विचारलं की, "पडली जी, मोरीत पाय घसरला." एवढ्या मोऱ्या आमच्या गावात नव्हत्याच.

गंमत बघा. त्याच करीच्या सकाळी आपण मारबतीचा पुतळा काढतो. इडापिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत, असं ओरडत ती वेशीबाहेर नेतो. सकाळी पिडा गावाबाहेर टाकायची आणि दुपारी बाटलीत भरून परत आणायची.

आज मला या दारूवर आणि तंबाखू-सुपारीच्या खर्र्यावर बोलायचं आहे. भाषण देणार नाही. काय चुकलं आणि काय जमलं, तेवढंच सांगते.

दारूच्या विरोधात उठणं आपल्याकडे नवं नाही. गाडगेबाबा आपल्या अमरावती जिल्ह्यातले. त्यांच्या वडिलांचा संसार दारूनं बुडाला. स्वतःच्या मुलीच्या बारशाला त्यांनी दारू-मटणाची रीत मोडून गोडाचं जेवण वाढलं, तेव्हा भाऊबंद रागावले होते. रीत मोडणारा पहिला माणूस कायम शिव्याच खातो, हे त्यांच्यापासून चालत आलं आहे. वर्धा जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. गडचिरोलीत डॉक्टर अभय आणि राणी बंग यांच्या पुढाकारानं गावागावांतली माणसं उभी राहिली, आणि १९९३ साली जिल्ह्यात बंदी आली. चंद्रपुरात २०१५ ला आली, २०२१ ला उठली. बंदी असावी की नसावी यावर चहाच्या टपरीवर दिवस जातो. माझं मत विचाराल तर बंदीनं बाईला बोलायला जागा मिळते. "कायद्यानं बंद आहे" एवढं तरी ती म्हणू शकते. पण बंदीनं प्यायलेला माणूस बरा होत नाही, तेही मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

परवान्याचं दुकान असेल तर रस्ता वेगळा. गावातल्या बाया-मतदारांपैकी किंवा एकूण मतदारांपैकी २५ टक्क्यांनी सह्या करून मागणी केली की गुप्त मतदान होतं. एका बाजूला उभी बाटली, दुसऱ्या बाजूला आडवी बाटली. आडवी जिंकली की दुकान बंद. ऐकायला सोपं वाटतं. पण निम्म्याहून जास्त मतं लागतात ती यादीतल्या एकूण नावांच्या, आलेल्या मतांच्या नव्हे. मिरची तोडायला तेलंगणात गेलेली बाई, बाळंतपणाला माहेरी गेलेली लेक, ही सगळी नावं उभ्या बाटलीच्या खात्यात गेल्यासारखीच. म्हणून तारीख मागताना कोण कधी गावात असतं ते आधी मोजा. आदिवासी गावांत तर १९९६ च्या पेसा कायद्यानं ग्रामसभेच्या हातात नशेच्या पदार्थांवर बंधन घालायचा अधिकारच दिला आहे. आणि २०१६ च्या दारूबंदी कायद्यातल्या दुरुस्तीनंतर ग्रामसभेला अवैध दारूवर लक्ष ठेवणारं ग्रामरक्षक दल नेमता येतं.

आमच्या गावात परवान्याचं दुकान नव्हतं. हातभट्टी होती. नाल्याच्या पलीकडं, पळसाच्या झुडपात. मोहाची फुलं आंबवलेला सडवा डबक्याकाठी पुरून ठेवलेला. एक सांगते, मोहावर माझा राग नाही. त्याचं फूल आमच्या घरात खाल्लं जातं, देवाला वाहिलं जातं, चैत्रात पहाटे टोपली घेऊन वेचायला मी स्वतः गेले आहे. राग आहे तो नवसागर टाकून पिपाच्या पिपं गाळणाऱ्या धंद्यावर.

बचत गटाच्या आम्ही बावीसजणी एका रात्री निघालो. आधी दोनदा कळवून पाहिलं होतं. दोन्ही वेळा कारवाईला माणसं पोहोचण्याआधी भट्टीवाला हंडे उचलून मोकळा झालेला. कोणी सांगितलं, ते सगळ्या गावाला माहीत होतं, म्हणून यावेळी आम्ही कुणालाच सांगितलं नाही. सडव्याचे मडके पालथे केले, त्या वासानं दोघींना उलटी झाली. परत येताना मोठ्या आनंदात होतो. पिंपळाखाली दम खायला बसलो, आणि आमच्यातल्या एकीनं कमरेची पन्नी काढली. खर्रा. तिनं चिमूट घेतली, पुढं सरकवली. बावीसपैकी चौदा-पंधराजणींनी घेतली. दारूचा हंडा फोडून आलेल्या बाया, गालात खर्रा दाबून बसलेल्या. मी सिस्टरबाई, मीही त्या क्षणी काही बोलले नाही. थकलेल्या होत्या बिचाऱ्या. पण रात्रभर ते डोळ्यांपुढून गेलं नाही.

खर्रा विदर्भाबाहेरच्या माणसाला समजावून सांगावा लागतो. आपल्या लोकांना नाही. तरी पानठेल्यावर जरा डोळे उघडून बघा. फोडलेली सुपारी, तंबाखू, वर बोटभर चुना. सगळं जाड पन्नीत घालायचं आणि पाटीवर घासत राहायचं. खर्र खर्र खर्र. सुपारीचा रंग बदलतो, पन्नी तळहाताला गरम लागते. चुना त्या घासण्यानं आत मुरतो आणि तोच तोंडाची कातडी सोलतो. मग गाठ मारलेली पुडी शाळकरी पोराच्या हातात. "बापानं मागवला," म्हणतो पोरगा. कधी खरं असतं, कधी नसतं. १८ वर्षांखालच्याला तंबाखू विकणं गुन्हा आहे, शाळेपासून १०० यार्डांच्या आत विकणंही गुन्हा. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून आणि सुगंधी सुपारी-तंबाखूवर २०१३ पासून बंदी आहे. पण खर्रा आपल्यासमोर ताजा घोटून मिळतो, म्हणून लोकांना तो घरगुती वाटतो. लोणच्यासारखा!

"तंबाखू टाकत नाही जी, नुसती सुपारी खाते," असं सांगणाऱ्या बायांनी नीट ऐका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ मध्येच नुसत्या सुपारीलाही कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातलं आहे. सुपारीनं गालाच्या आतली कातडी ताठ होते, पांढरी पडते, तिखट लागलं की आग होते. मग तोंड उघडेना. आता रेडिओ ऐकता ऐकता एक करा. तोंड उघडा आणि आपलीच तीन बोटं एकावर एक, उभी, दातांमध्ये घालून बघा. गेली तर बरं. दोनच जात असतील तर या आठवड्यात दंतवैद्याला दाखवा. आम्ही हीच परीक्षा बचत गटाच्या बैठकीत घेतली. हसत हसत सुरू झाली. चौथ्या बाईपाशी हसू थांबलं.

आणि पैसा. २० रुपयांचा एक खर्रा धरा, दिवसाला तीन. वर्षाचे २१,९०० होतात. गटाच्या कर्जासाठी आम्ही बँकेत चकरा मारतो त्या यापेक्षा कमी रकमेसाठी.

आता दारूकडे परत येते, कारण खरी चूक तिथं झाली. भट्टी मोडली त्याच्या दुसऱ्या दिवशी गावानं मारुतीच्या पारावर पिणाऱ्यांना नारळ हातात देऊन शपथ घ्यायला लावली. टाळ्या झाल्या, फोटो निघाले. त्यात एक जण होता, रोज सकाळपासून पिणारा. त्यानं शपथ पाळली. खरोखर पाळली. त्या रात्री हात थरथरायला लागले, घाम सुटला. तिसऱ्या दिवशी तो भिंतीवरचे मुंगळे वेचू लागला. भिंतीवर मुंगळे नव्हते. बायकोला ओळखेना. घरच्यांना वाटलं, बाहेरचं लागलं. पुजाऱ्याला बोलावणं गेलं. त्याची म्हातारी माय तेवढी माझ्याकडे धावत आली. "बाई, दारू सोडली तं माह्या पोराले हे काहून झालं?"

हे गावोगाव माहीत हवं. रोज, भरपूर पिणाऱ्या माणसानं एकदम सोडली तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, आणि दोन-तीन दिवसांच्या आसपास भास, बरळणं, ताप. यात माणूस दगावतो. त्याला शपथ देण्याआधी ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात न्यायचं. तिथं औषधं आहेत, जीवनसत्त्वाची इंजेक्शनं आहेत. आठवडा-दहा दिवसांत पहिला धोका टळतो. आमच्या त्या माणसाला आम्ही बाजारला जाणाऱ्या पिकअपमध्ये टाकून नेलं. वाचला. पण गावात बोभाटा काय झाला? "दारू सोडली म्हणून वेडा झाला." तीन जणांनी त्याच आठवड्यात पुन्हा सुरू केली.

आणखी एक. भिंतींवर लिहिलेलं असतं, न सांगता दारू सोडवा. बायका ती पुडी आणून चहात, भाजीत घालतात. त्यांचा जीव किती कासावीस झालेला असतो, ते मी जाणते. पण त्या पुडीत काय आहे ते कुणालाच ठाऊक नसतं. डायसल्फिराम नावाचं औषध असेल आणि वरून नवरा प्याला, तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. हे औषध त्याला माहीत असताना, डॉक्टरच्या देखरेखीखालीच द्यायचं असतं.

त्यानंतर आम्ही पद्धत बदलली. भट्टीवर लक्ष आहेच. पण सोडणाऱ्या माणसाला पहिले पंधरा दिवस एकटं ठेवायचं नाही, असं ठरवलं. दिवेलागणीची वेळ वाईट, पाय आपोआप वळतात. तेव्हा कुणीतरी त्याच्याकडे चहाला जायचं. उपदेश करायचा नाही, बैलाचं, पावसाचं बोलायचं. मजुरी बाजाराच्या संध्याकाळी न देता दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायची, हे दोन शेतकऱ्यांनी मान्य केलं, तिसरा अजून हो-ना करतो. पुन्हा प्याला तर पाणउतारा करायचा नाही. हे सगळ्यात अवघड. माझ्यानंच होत नाही कधी कधी.

कागद-पेन्सिल असेल तर तीन नंबर लिहून घ्या. नशामुक्तीसाठी १४४४६. मनाच्या त्रासासाठी, दिवसरात्र, १४४१६. तंबाखू सोडायची असेल तर १८०० ११ २३५६. तिन्हींना पैसे पडत नाहीत.

मुंगळे वेचणारा तो माणूस मागल्या वर्षी करीच्या दिवशी सकाळीच माझ्या ओसरीवर येऊन बसला. बोजाऱ्याचे पैसे त्यानं आदल्या रात्रीच मायजवळ दिले होते. म्हणाला, "बाई, आज दिवसभर इथंच बसतो. काही काम सांगा." मला सुचेना. परसातली अंबाडी उपटून त्याच्यापुढं टाकली. दिवे लागेपर्यंत तो एकेक पान खुडत बसला. मधून हात थांबायचे, रस्त्याकडं बघायचा, पुन्हा खुडायला लागायचा. तीन दिवस आमच्या घरी आणि शेजारी अंबाडीचीच भाजी होती.

यंदा मी परसात अंबाडी जरा जास्तच पेरली आहे.

नमस्कार.