मिक्सिन आणि ‘प्रायव्हेट’: आडपडदा नेमका कोणापासून?

रूबी या प्रोग्रामिंग भाषेत पडद्यावर मजकूर छापायचा झाला, तर ‘पुट्स’ ही मेथड, म्हणजे नाव घेऊन बोलावता येणारी कृती, लागते. ती कुठूनही इतक्या सहज वापरता येते की ती भाषेतच बसवलेली एखादी आज्ञा असावी, असा नवशिक्यांचा समज होतो. प्रत्यक्षात ती ‘कर्नेल’ नावाच्या मॉड्यूलमधली, म्हणजे मेथडच्या एका गठ्ठ्यातली, प्रायव्हेट (बाहेरून बोलावता न येणारी) मेथड आहे. क्लास म्हणजे ऑब्जेक्ट घडवण्याचा आराखडा, आणि क्लासमध्ये मिसळलेले मॉड्यूल म्हणजे मिक्सिन. ‘ऑब्जेक्ट’ या क्लासने ‘कर्नेल’ मिक्सिन म्हणून आपल्यात सामील करून घेतल्यामुळे जवळपास प्रत्येक ऑब्जेक्टकडे ‘पुट्स’ आपसूक येते. आता एक उदाहरण पाहा. पाच या आकड्यापुढे टिंब देऊन ‘पुट्स’ लिहिले की रूबी ‘नो मेथड एरर’ देते. मात्र मेथड सापडत नाही अशी तिची तक्रार नसते, बोलावलेली मेथड प्रायव्हेट आहे अशी असते.

युकिहिरो मात्सुमोतो यांनी 1995 साली लोकांपुढे आणलेल्या या भाषेत प्रायव्हेटचा अर्थ जावा किंवा सी प्लस प्लसहून वेगळा आहे. त्या भाषांमध्ये मेथड कोणत्या क्लासच्या मजकुरात लिहिली आहे, यावर तिच्यापर्यंत कोणी पोहोचायचे हे ठरते. रूबी पाहते ती बोलावण्याची रीत: टिंबाआधी दुसऱ्या ऑब्जेक्टचे नाव न घेता मेथड बोलावली, तर ती चालते. टिंबाआधी ‘सेल्फ’ (म्हणजे चालू असलेला ऑब्जेक्ट स्वतः) लिहिण्याचीही मुभा 2019 च्या डिसेंबरात आलेल्या 2.7 या आवृत्तीपासून मिळाली. मेथड क्लासमध्ये लिहिली आहे की मिक्सिनमध्ये, याची चौकशी या नियमात कुठेच नाही.

याचा परिणाम दोन्ही बाजूंनी होतो. मिक्सिनमधली मेथड क्लासच्या प्रायव्हेट मेथड बिनदिक्कत बोलावू शकते, आणि क्लासलाही मिक्सिनच्या प्रायव्हेट मेथड तितक्याच खुल्या असतात, कारण चालू असलेला ऑब्जेक्ट दोघांचा एकच असतो. मिक्सिन हा घरात राहायला आलेला पाहुणा आहे. दारावरचे कुलूप रस्त्यावरच्या माणसासाठी असते, त्याच्यासाठी नव्हे.

खरी अडचण नावांची होते. समजा, बिलाची फाइल तयार करून देणाऱ्या एका मिक्सिनमध्ये फाइलचा साचा तपासणारी ‘तपासा’ नावाची प्रायव्हेट मेथड आहे, आणि बिलाच्या क्लासमध्ये कराची बेरीज तपासणारी, त्याच नावाची, तीही प्रायव्हेट मेथड आहे. फाइल बनवताना मिक्सिन आपल्या ‘तपासा’ला हाक मारते आणि ओ देते ती क्लासची मेथड, कारण शोध क्लासपासून सुरू होतो आणि मिक्सिनचा क्रम त्याच्यानंतर लागतो. रूबी येथे चूक दाखवत नाही, इशाराही देत नाही. साचा न तपासताच फाइल बाहेर पडते. ‘@’ चिन्हाने सुरू होणाऱ्या इन्स्टन्स व्हेरिएबलची, म्हणजे ऑब्जेक्ट आपली माहिती ज्यात ठेवतो त्या नावांचीही हीच गत आहे: दोन मिक्सिननी एकच नाव वापरले, तर दोघेही एकाच जागेवर लिहितात.

आणखी एक गैरसमज येथे दूर केला पाहिजे. क्लासमध्ये ‘प्रायव्हेट’ हा शब्द लिहून त्याच्या खाली मिक्सिन सामील करून घेणारी ‘इन्क्लूड’ ही आज्ञा लिहिली, म्हणजे मिक्सिनच्या मेथडही प्रायव्हेट होतील, असे अनेकांना वाटते. तसे होत नाही. तो शब्द फक्त त्याच क्लासमध्ये पुढे लिहिलेल्या मेथडना लागू होतो. मिक्सिनमधून आलेली पब्लिक (बाहेरूनही बोलावता येणारी) मेथड पब्लिकच राहते. ती झाकायची असेल, तर ‘इन्क्लूड’नंतर तिचे नाव घेऊन तिला प्रायव्हेट करावे लागते, आणि मग ती त्या क्लासपुरतीच झाकली जाते.

पीएचपी या दुसऱ्या प्रोग्रामिंग भाषेने 2012 साली 5.4 या आवृत्तीत ‘ट्रेट’, म्हणजे मिक्सिनसारखीच सोय, आणली, तेव्हा वेगळा मार्ग धरला. ट्रेटमधली मेथड जणू क्लासमध्येच लिहिली आहे असे धरले जाते, म्हणून ट्रेटची प्रायव्हेट मेथड ही क्लासची स्वतःची प्रायव्हेट मेथड होते. शिवाय ट्रेट वापरतानाच ‘अ‍ॅज’ या शब्दाने एखाद्या मेथडचा पब्लिक किंवा प्रायव्हेट हा दर्जा बदलता येतो, आणि ही सोय मला रूबीच्या रीतीपेक्षा अधिक स्पष्ट वाटते. दोन ट्रेटमध्ये एकाच नावाच्या मेथड आल्या आणि कोणती घ्यायची हे सांगितले नाही, तर पीएचपी तिथेच काम थांबवते.

पायथन या भाषेत कडक प्रायव्हेट नाहीच. तरीही क्लासमधल्या नावाआधी दोन अधोरेखा (__) दिल्या, की ती भाषा त्या नावाला क्लासचे नाव जोडते, त्यामुळे वेगवेगळ्या नावांच्या दोन मिक्सिनमधली नावे एकमेकांवर आदळत नाहीत. मिक्सिनच्या लेखकाला वर सांगितलेल्या ‘तपासा’च्या प्रसंगात नेमके हेच संरक्षण हवे असते. रूबीत ते भाषेकडून मिळत नाही, म्हणून तिथले सावध लेखक मिक्सिनमधल्या प्रत्येक खासगी मेथडच्या नावाआधी मॉड्यूलचे नाव स्वतःच्या हाताने लावतात. नाव लांबते आणि वाचायला कंटाळवाणे होते, पण बिलाची फाइल मात्र साचा तपासूनच बाहेर पडते.