परेड सगळ्यांची, पलटण काहींची

(पहाट. खडकवासल्याचं पाणी. मागे सुदान ब्लॉकचा घुमट.)

30 मे 2025. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, म्हणजे आपली एनडीए. खेत्रपाल मैदानावर 148व्या कोर्सचं दीक्षान्त संचलन सुरू आहे. तीनशेहून जास्त कॅडेट्स, त्यांत 17 मुली.

(तुकडी कॅमेऱ्यासमोरून जाते. बुटांचा आवाज मोठा ठेवणे.)

शोधा बरं त्या कुठे आहेत. एडिटिंगच्या टेबलावर आम्हालाही फ्रेम थांबवावी लागली. टाच एकदम पडते, हात एकाच उंचीवर येतो, नजर एकाच वेळी उजवीकडे वळते. ड्रिलच्या उस्तादाला हवं असतं ते हेच. कोण कुठला आणि कोणाचा, हे ओळीत दिसता कामा नये.

(संथ चाल. क्वार्टरडेकच्या पायऱ्या.)

याला इथे ‘अंतिम पग’ म्हणतात. तो ओलांडला की एनडीए संपली. पुढे आपापल्या दलाच्या अकादमीत आणखी प्रशिक्षण, मग खांद्यावर तारे. प्रबोधिनी खडकवासल्याला आली 1955 साली. पहिल्या मुलीला इथवर यायला 70 वर्षं लागली.

(हिरवळीवर आईवडील आणि कॅडेट्स. वीस सेकंद निवेदन नाही.)

हे दार आतून उघडलेलं नाही.

(आर्मी अ‍ॅक्टचं पान. बोट कलम 12 वर.)

आर्मी अ‍ॅक्ट, 1950. कलम 12. केंद्र सरकार अधिसूचना काढून सांगेल त्या शाखा सोडल्या, तर सैन्यात स्त्रीला प्रवेश नाही. नर्सिंग आणि डॉक्टरकीची वाट वेगळी होती, ती आधीपासून होती. बाकीच्यांसाठी अधिसूचना निघाली 30 जानेवारी 1992 ला. शाखा कुठल्या, तर टपाल, कायदा, शिक्षण, दारूगोळ्याची कोठारं, रसद. तेही पाच वर्षांसाठी.

चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीतून मुली बाहेर पडू लागल्या. काम चांगलं होतं, त्यामुळे पाचाची दहा वर्षं झाली, दहाची चौदा. मेख इथेच आहे. अधिकाऱ्याला पेन्शन बसते 20 वर्षांच्या नोकरीनंतर. चौदाव्या वर्षी वर्दी उतरवायची म्हणजे हातात पेन्शन नाही, वय पस्तीस-चाळीस, आणि बाहेर पहिल्यापासून सुरुवात. बरोबरीच्या पुरुष अधिकाऱ्याला कायम कमिशनचा, म्हणजे निवृत्तीच्या वयापर्यंत वर्दीत राहण्याचा, पर्याय होता. यांना तो नव्हता.

(दिल्ली उच्च न्यायालयाची इमारत. फायलींचे गठ्ठे.)

2003 साली बबीता पुनिया या वकील बाईंनी दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका टाकली. पुढे महिला अधिकारी स्वतःही कोर्टात आल्या. 2010 मध्ये निकाल त्यांच्या बाजूनं लागला, आणि सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे आणखी दहा वर्षं. या दहा वर्षांत याच अधिकारी सीमेवर पोस्टिंग घेत होत्या, काफिले नेत होत्या, संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमांवर जात होत्या.

त्या सुनावणीचं चित्रण नाही, तेव्हा हा निकालाचा कागदच नीट पाहा.

(निकालपत्र. ओळी एकेक करून उजळतात.)

सरकारचं म्हणणं निकालात नोंदवलेलं आहे. बाळंतपण, मुलंबाळं, घरच्या जबाबदाऱ्या. शारीरिक ताकद. आणि एक खास मुद्दा: जवान बहुतेक खेड्यापाड्यांतून आलेले पुरुष असतात, स्त्रीचा हुकूम ऐकायची त्यांच्या मनाची अजून तयारी नाही. म्हणजे ज्या सैन्यात हुकूम हा हुकूम असतो, तिथेच तो कोणाच्या तोंडून आला यावर पाळायचा की नाही ते ठरणार!

17 फेब्रुवारी 2020. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि अजय रस्तोगी. कायम कमिशन द्या, आणि कमांडच्या जागांवर सरसकट बंदी चालणार नाही. निकालात नावानिशी उदाहरणं आहेत. त्यात लेफ्टनंट कर्नल सोफिया कुरेशी आहेत. 2016 साली पुण्यात झालेल्या ‘फोर्स 18’ या बहुराष्ट्रीय सरावात भारतीय तुकडीचं नेतृत्व त्यांनी केलं होतं. देशाला त्यांचा चेहरा ओळखीचा झाला तो मे 2025 मध्ये, ऑपरेशन सिंदूरची माहिती देताना.

(वैद्यकीय तपासणीचा फॉर्म, जवळून.)

निकाल लागला, पण मोजपट्टी जुनीच राहिली. ‘शेप-वन’ ही तंदुरुस्तीची वरची श्रेणी. पुरुष अधिकारी कायम कमिशनसाठी ती दाखवतो नोकरीच्या पाचव्या किंवा दहाव्या वर्षी, तरुणपणी. या अधिकाऱ्यांना मुळात हक्क मिळाला तोवर अनेकींनी चाळिशी ओलांडली होती, आणि तपासणी मात्र त्याच निकषावर. गोपनीय अहवालांचीही तीच गत. हिला पुढे कायम व्हायचंच नाही, असं धरून वरिष्ठांनी जे लिहिलं, तेच आता गुणांत मोजलं जाऊ लागलं. पुन्हा कोर्ट. मार्च 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही पद्धत भेदभावाची ठरवली.

खडकवासल्याचं दार त्याच वर्षी. ऑगस्टमध्ये अंतरिम आदेश आला की मुलींना एनडीएची परीक्षा देऊ द्या. सरकार म्हणालं, पुढच्या मे महिन्यापासून देऊ, तयारीला वेळ हवा. न्यायालयाचं उत्तर असं की आणीबाणीला तोंड देणं हेच सैन्यदलांचं काम, तेव्हा यातूनही ते मार्ग काढतील. 14 नोव्हेंबर 2021 ला परीक्षा झाली. पावणेदोन लाखांहून जास्त मुलींनी अर्ज भरले होते. जागा 19. लष्कर 10, हवाई दल 6, नौदल 3. आकडे वाचून पुन्हा एकदा वाचावेत असे आहेत.

(नाशिक. धावपट्टीवर हेलिकॉप्टर, पंख्याच्या वाऱ्यानं झोपलेलं गवत.)

मे 2022, नाशिक. लष्कराच्या विमानोड्डाण प्रशिक्षण केंद्रात छातीवर पंख लावले जाताहेत. कॅप्टन अभिलाषा बराक, लष्कराच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक. हवाई दलानं हे पाऊल आधीच टाकलं होतं. जून 2016 मध्ये अवनी चतुर्वेदी, भावना कंठ आणि मोहना सिंग फायटर पायलट झाल्या, आणि फेब्रुवारी 2018 मध्ये अवनीनं जामनगरहून मिग-21 एकटीनं उडवलं.

(सियाचीन. बर्फाची उभी भिंत, दोर, कुऱ्हाड.)

जानेवारी 2023. कुमार पोस्ट, साडेपंधरा हजार फुटांच्या वर. इथे तैनात होताहेत कॅप्टन शिवा चौहान, इंजिनियर्स शाखेच्या. इथे पोस्टिंग मिळायच्या आधी सियाचीन बॅटल स्कूलमध्ये बर्फाची भिंत चढावी लागते, हिमभेगेत पडलेल्याला दोरानं वर काढायचं शिकावं लागतं.

(तोफ. गोळा भरला जातो. धमाका.)

एप्रिल 2023 मध्ये पाच महिला अधिकारी तोफखान्यात दाखल झाल्या. तोफखाना लढणाऱ्या दलांना साथ देणाऱ्या, ‘कॉम्बॅट सपोर्ट’ शाखांत मोजला जातो.

(नकाशा. तीन चौकोन, तिन्ही करडे.)

पायदळ, रणगाडा दल आणि मेकॅनाइज्ड इन्फन्ट्री, म्हणजे चिलखती गाड्यांतून लढणारं पायदळ, अजून बंद आहेत. 2020 चा निकाल त्यांना लागू नव्हता. तो फक्त ज्या दहा शाखांत स्त्रिया आधीच होत्या, त्यांच्यापुरता होता. समोरासमोरची लढाई, शत्रूच्या हाती सापडण्याचा धोका, ही कारणं दिली जातात. पण सुरुंग काढणारी इंजिनियर आणि पुढच्या ठाण्यावर रेडिओ सांभाळणारी सिग्नल अधिकारी याच पलटणींच्या शेजारी उभी असते. तोफगोळा शाखा बघून पडत नाही.

निकालांनंतर काहीजणी कर्नल होऊन युनिटच्या कमांडवर गेल्या. चौदाव्या वर्षीच ज्या बाहेर पडल्या होत्या, त्यांतल्या बऱ्याच जणींना उशीर झाला.

(पुन्हा परेड. टोप्या हवेत.)

एनडीएतून लष्करात जाणारा मुलगा कमिशन घेताना पसंतीची शाखा लिहून देतो. पायदळ, रणगाडा दल, तोफखाना, इंजिनियर्स, सिग्नल, काहीही. तीन वर्षं त्याच्याच ओळीत चाललेल्या मुलीच्या यादीत पहिली दोन नावं नाहीत.